पेन्शनरांची राणीची बाग

नोकरींतून मोकळ्या झालेल्या मनुष्यानें दिवस कसे घालवावे, या प्रश्नाचें उत्तर आपल्याकडे बहुधा तीन शब्दांत देण्यांत येतें : देवदर्शन, नातवंडें आणि वर्तमानपत्र. या तिहींविरुद्ध आमची तक्रार नाहीं. परंतु सकाळीं निघावें, दिवेलागणीच्या आंत घरीं यावें, पदरचा पैसा फारसा खर्चूं नये आणि येतांना कांहीं नवें ज्ञान बरोबर आणावें, अशीही एक वाट आहे. ती म्हणजे पदार्थसंग्रहालय व प्राणिसंग्रहालय यांची एका दिवसाची फेरी. मुंबईस भायखळ्याला हीं दोन्ही एकमेकांस लागून आहेत. त्यांचा इतिहास ध्यानांत घेतला, म्हणजे हें स्थळ मुलांपेक्षांही उतारवयाच्या माणसांचेंच अधिक आहे, असें आम्हांस वाटूं लागतें.

मुंबईंत संग्रहालयाची कल्पना निघाली ती १८५१ सालच्या लंडन येथील महाप्रदर्शनाच्या निमित्तानें. आरंभीं हा संग्रह कोटांतील एका बराकींत मांडला होता. १८५७ सालच्या धामधुमींत फौजेला ती जागा हवी झाली, तेव्हां तो घाईघाईनें बाहेर काढण्यांत येऊन त्याची बरीच नासधूस झाली. पुढें डॉ. जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड वगैरे मंडळींनीं नागरिकांकडून वर्गणी गोळा करून नव्या इमारतीचा संकल्प केला. १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्तें तिचा पाया घातला गेला. तो काळ मुंबईच्या सुबत्तेचा होता. अमेरिकेंत यादवी माजली होती आणि येथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ सालीं ती यादवी संपली, भाव कोसळले, मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या आणि इमारतीचें काम रखडलें. अखेर सरकारी मदतीनें तें पुरें होऊन २ मे १८७२ रोजीं संग्रहालय लोकांसाठीं खुलें झालें.

हा सोहळा पाहाणें नाना शंकरशेटांच्या नशिबीं नव्हतें. ते १८६५ सालींच निवर्तले. भाऊ दाजी मूळचे गोमंतकांतील मांद्रें गांवचे. वैद्यकीचा मोठा व्याप संभाळून त्यांनीं अजिंठ्याचे शिलालेख वाचले, महारोगावर औषध शोधण्याची खटपट केली. तेही १८७४ सालीं, पन्नाशीच्या आसपासच गेले. म्हणजे ज्यांनीं ही वास्तु उभी करविली, त्यांस ती स्वस्थपणें पाहाण्यापुरतें आयुष्यच लाभलें नाहीं. आरंभीं विलायतेच्या राणीचें व तिच्या पतीचें नांव मिरविणाऱ्या या संग्रहालयास भाऊ दाजींचें नांव मिळालें तें १९७५ सालीं, म्हणजे तें उघडल्यावर १०३ वर्षांनीं !

संग्रहालयाबाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. हाच तो घारापुरीचा हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनीं त्या बेटाचें नांव ठेविलें. १८६४ सालीं त्याला विलायतेस नेण्यासाठीं उचलूं लागले, तों तो पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेंत आले आणि १९१४ सालीं जोडून पुन्हां हत्ती उभा करण्यांत आला. आवारांतच काळा घोडा आहे. कोटांतल्या चौकास आपलें नांव देऊन तो १९६५ सालीं येथें आला. तो मूळ जागीं पाहिलेले वृद्ध अद्यापि हयात आहेत; नातवाला त्याची हकीकत त्यांनीं सांगितली, तर पाटीवरील चार ओळींहून ती खचित अधिक भरेल. आंत निरनिराळ्या जातीजमातींचे वेश दाखविणाऱ्या मातीच्या मूर्ति व नाना तऱ्हेचीं पागोटीं आहेत. तीं पाहून ज्याला आपल्या आजोबांची पगडी आठवेल, तोच त्यांचा खरा प्रेक्षक.

बागेचा भाग तरुणांनीं पुष्कळदां केवळ पिंजऱ्यांसाठीं पाहिलेला असतो. वस्तुतः ही प्रथम वनस्पतींची बाग आहे. आफ्रिकेहून आलेल्या गोरखचिंचेचा अवाढव्य बुंधा पाहावयास सावकाश चालणारा मनुष्यच हवा. २०१६ सालीं सोल शहराहून आठ पेंग्विन येथें आणले, तेव्हांपासून गर्दी त्यांच्याकडे लोटते. हा पक्षी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा. मुंबईच्या उकाड्यांत त्याला शीतगृहांतच राहावें लागतें. ही गंमत न्यारी खरी, पण पाहातांना मनाला थोडी टोंचणी लागते, तीही विसरूं नये. बंदिवासांतील जीवाला जागा पुरेशी आहे कीं नाहीं, हें न्याहाळणें आणि नसल्यास चालकांकडे लेखी विचारणा करणें, हें काम ज्याच्यापाशीं वेळ आहे त्यानेंच करावयाचें.

आमची सूचना एवढीच, कीं एका दिवसांत सगळें पाहाण्याचा हव्यास धरूं नये. एका फेरींत एक दालन व एक झाड पुरे. पाय दुखले तर बांक आहेतच. नाना व भाऊ दाजी यांस जी फुरसत मिळाली नाहीं ती आपल्याला मिळाली आहे. त्यांनीं आपल्यासाठीं जें उभें केलें, तें निदान डोळे भरून पाहिलें तरी त्यांच्या ऋणांतून थोडेंसें उतराई झाल्यासारखें होईल.