खारफुटी वाचवायची तर आधी भरतीचं पाणी बघा. रायगडच्या खाडीपट्ट्यातील गावांसाठी माहिती

उरण, पनवेल, पेण, अलिबाग, मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन. रायगडचा हा सगळा पट्टा खाडीचा आणि खारफुटीचा. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ साली सुरू झालं. त्यानंतर या भागात गोदामं, कंटेनर यार्ड, रस्ते, विमानतळ असं एकेक येत गेलं. धरमतर खाडीच्या काठी पोलादाचा कारखाना आणि जेट्ट्या आहेत. उद्योगाला सपाट आणि पाण्याजवळची जागा लागते. खारफुटी नेमकी तिथेच उभी असते. त्यामुळे कायदा काय आहे, खारफुटी कशी मरते आणि तक्रार कुठे करायची, हे खाडीकाठच्या प्रत्येक गावाला माहीत असायला हवं.

खारफुटी म्हणजे काय?

भरतीला बुडणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात वाढणारी ही झाडं. सरकारी कागदावर 'कांदळवन' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे तिवर, चिपी, कांदळ, मारांडी ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. तिवराचं पान चाटून पाहिलं तर खारट लागतं, कारण जादा मीठ ते पानातून बाहेर टाकतं. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची आणि चिपीची मुळं खुंटीसारखी वर येऊन श्वास घेतात. पांढऱ्या चिपीला २०२० मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला.

२०२१ च्या वन सर्वेक्षण अहवालानुसार महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर खारफुटी आहे. त्यात रायगडचा वाटा मोठा आहे.

गावाला उपयोग काय?

कोळंबी, चिंबोरी, बोय यांची पिल्लं खारफुटीच्या मुळांत वाढतात. जिताडाही खाडीवरच पोसतो. खारफुटी गेली की डोलीला आणि पागाला मासा कमी येतो. दुसरा फायदा शेतकऱ्याचा. बाहेरकाठ्याच्या पुढे खारफुटी असेल तर उधाणाच्या लाटेचा मार आधी तिच्यावर बसतो आणि बांध टिकतो. ती काढली तर बांधाला खांड जायला वेळ लागत नाही. मग खारं पाणी थेट भातशेतीत.

खारफुटी कशी मरते?

कुऱ्हाडीने तोडली तर लगेच दिसतं आणि गाव बोलतं. पण बऱ्याचदा तोडायची गरजच पडत नाही. खाडीच्या फाट्यावर भराव घातला, रस्त्याखालची मोरी बुजवली किंवा अरुंद ठेवली की आतलं भरतीचं पाणी बंद होतं. पानं पिवळी पडतात, फांद्या वाळतात आणि काही महिन्यांत उभं जंगल सुकून जातं. उलटही होतं. पाणी आत अडकून राहिलं आणि श्वासमुळं कायमची बुडाली, तरी झाड गुदमरतं. वाळलेलं जंगल साफ झाल्यावर 'इथे खारफुटी नव्हतीच' असं सांगायला मोकळीक मिळते. म्हणून झाडं मोजण्याआधी पाण्याची वाट मोकळी आहे का, ते बघावं.

याचं जवळचं उदाहरण उरणचं आहे. बंदराच्या कामामुळे पारंपरिक मच्छीमारांचं नुकसान झाल्याची तक्रार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली होती. खारफुटीचा नाश आणि भरती-ओहोटीच्या पाण्याला झालेला अडथळा हे त्यातले प्रमुख मुद्दे होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये पुण्याच्या खंडपीठाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयातही गेला.

कायदा काय सांगतो?

- मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटी तोडण्यावर बंदी घातली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात ती कायम केली.
- जमीन सरकारी असो की खासगी, खारफुटीच्या चारही बाजूंना ५० मीटरपर्यंत बांधकाम करता येत नाही. खारफुटीत राडारोडा आणि कचरा टाकायलाही मनाई आहे.
- नष्ट झालेली खारफुटी पुन्हा उभी करण्याची जबाबदारी सरकारवर आहे.
- सार्वजनिक हिताच्या प्रकल्पासाठी उच्च न्यायालयाची परवानगी लागते. बुलेट ट्रेनसाठी सुमारे २० हजार झाडं तोडायला डिसेंबर २०२२ मध्ये अशी परवानगी मिळाली. म्हणून 'सरकारी काम आहे' एवढं उत्तर पुरेसं नाही. परवानगीची प्रत मागावी.
- किनारा नियमन क्षेत्राच्या नियमात खारफुटी सर्वात कडक संरक्षणाच्या गटात, म्हणजे 'सीआरझेड-१ अ' मध्ये येते.

सातबारा शेतकऱ्याचा, झाडं खारफुटीची

हा प्रश्न पेण-अलिबाग भागात सर्वात नाजूक आहे. बाहेरकाठा फुटतो, दुरुस्ती वेळेत होत नाही, शेतात खारं पाणी फिरतं आणि काही वर्षांत भाताच्या जागी तिवर उभा राहतो. जमीन नावावर राहते, पण झाडं तोडता येत नाहीत आणि पीकही घेता येत नाही. अशा शेतकऱ्याला खारफुटी म्हणजे शत्रू वाटली तर त्यात नवल नाही. कंटाळून तो जमीन मिळेल त्या भावात विकतो, आणि गावाचा शेवटचा आडोसाही जातो.

यावर उपाय एकच, वेळेवर कागद. खांड गेली की त्याच आठवड्यात खारभूमी विभागाला आणि तहसीलदारांना लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. झाडं उगवल्यानंतर केलेल्या अर्जाचा जोर कमी होतो. बांध राखणं आणि खारफुटी राखणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत.

तक्रार कशी करावी?

१. मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून फोटो काढावेत. तारीख दिसू द्यावी.
२. एकाच जागेचे दोन फोटो घ्यावेत, एक भरतीचा आणि एक ओहोटीचा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला फरक स्पष्ट दिसतो. पंधरा दिवसांनी पुन्हा काढावेत.
३. गट नंबर, गावाचं नाव, बंद झालेली मोरी किंवा फाटा लिहावा. रात्री भराव टाकत असतील तर गाड्यांचे नंबर टिपावेत. अंगावर जाऊ नये.
४. अर्ज तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे द्यावा. हा कक्ष २०१२ पासून काम करतो. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.
५. न्यायालयाच्या आदेशाने कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती आहे. तालुक्यात दाद लागली नाही तर तिच्याकडे जाता येतं. पुढचा मार्ग हरित लवादाचा.
६. ग्रामसभेत ठराव करून तो अर्जाला जोडावा. एकट्याच्या सहीपेक्षा गावाच्या ठरावाला वजन असतं.

राखून कमाईही होते

सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गट होडीतून पर्यटकांना खारफुटी दाखवतो आणि त्यातून घरात पैसा येतो. खेकडापालन, कालवं, शोभेचे मासे यांसाठीही शासनाची कांदळवन उपजीविका योजना आहे. रायगडच्या गावांनी कांदळवन कक्षाकडे तिची चौकशी करावी.

तोडलेली खारफुटी पुन्हा लावता येते, पण पाणी फिरत नसेल तर रोपं जगत नाहीत. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या उधाणाला गावातल्या चार जणांनी खाडीवर फेरी मारून सगळ्या मोऱ्या, फाटे आणि उघाड्या बघून याव्यात. जिथे मागच्या वर्षी पाणी येत होतं आणि यंदा येत नाही, तिथूनच अर्जाला सुरुवात करावी.