स्टॅटिन औषधे
रक्तातील कोलेस्टेरॉलाचे प्रमाण कमी करणाऱ्या औषधांचा एक गट. शरीरातील बरेचसे कोलेस्टेरॉल शरीरातच तयार होत असल्याने त्याच्या निर्मितीला आळा घालण्याचे प्रयत्न प्रथम झाले. त्यांपैकी ट्रायपॅरानॉल हे औषध जैव संश्लेषणाच्या अखेरच्या टप्प्यावर क्रिया करी. परिणामी डेस्मोस्टेरॉल हे पूर्वगामी द्रव्य ऊतकांत साचे. रुग्णांना मोतीबिंदू झाल्याचे आढळल्याने १९६२ मध्ये ते मागे घेण्यात आले.

जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ आकिरा एंडो (१९३३–२०२४) यांनी सु. ६,००० सूक्ष्मजीव तपासून १९७३ मध्ये पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीपासून कॉम्पॅक्टिन मिळविले. ते आरंभीच्या टप्प्यावरील एचएमजी-कोए रिडक्टेज या एंझाइमास रोखते. यकृतपेशींत कोलेस्टेरॉल कमी पडले की, त्यांच्या पृष्ठभागावरील कमी घनतेच्या लिपोप्रथिनांचे ग्राही वाढतात व रक्तातील कोलेस्टेरॉल अधिक उचलले जाते. या ग्राहींच्या संशोधनाबद्दल मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कुत्र्यांवरील प्रयोगांतील प्रतिकूल निष्कर्षांमुळे १९८० मध्ये कॉम्पॅक्टिनाचा विकास थांबला; मात्र लोव्हास्टॅटिनास १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. स्कँडिनेव्हियात ४,४४४ हृद्‌रुग्णांवर झालेल्या चाचणीत सिंव्हास्टॅटिनामुळे मृत्यूंचे प्रमाण सु. ३०% घटल्याचे १९९४ मध्ये दिसून आले.

स्नायुदुखी, यकृतातील एंझाइमांची रक्तात वाढ व मधुमेहाचा किंचित वाढता धोका हे अनुषंगी परिणाम होत. क्वचित स्नायूंचा ऱ्हास होऊन मूत्रपिंडे निकामी होतात. अशा मृत्यूंमुळे २००१ मध्ये सेरिव्हास्टॅटिन मागे घेण्यात आले. जेम्फिब्रोझिलासह घेतल्यास त्याचा धोका विशेष वाढे. त्यामुळे स्टॅटिन देताना मात्रा व जोडीची औषधे यांचा विचार अत्यावश्यक ठरतो.