मानवतचा खटला आणि त्याचे प्रेक्षक



आपल्या तेलगावच्या चौकातून एक रस्ता परळीला जातो आणि एक माजलगावला. माजलगाव, पाथरी मागे टाकली की मानवत येते. मोबाइलवर दिसणाऱ्या गुन्ह्यांच्या मालिका आणि त्यांविषयी लोकांची मते, असा विषय मला दिला गेला, तेव्हा मला दूर जाण्याची गरजच पडली नाही.

४ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मानवत मर्डर्स’ ही आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेली मराठी मालिका सोनी लिव्हवर आली. पुढे गाळपाच्या दिवसांत कारखान्याच्या गेटवर, पाळी बदलताना, आणि चौकातल्या हॉटेलांत तिचीच चर्चा मी पुष्कळ ऐकली. कोणी म्हणे, मकरंद अनासपुरे हसवायचे सोडून अशा कामात शोभले. कोणी म्हणे, भाषा आपल्याकडची वाटते. तर कोणी, नाही वाटत. सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर यांच्या कामावरून दोन तट पडले होते. परंतु एका गोष्टीवर सर्वांचे एकमत होते. “पोलिसांनी एवढे शोधून काढले, आणि कोर्टाने बडे सोडून दिले!” हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकले की, खरा खटला काय होता हे पाहणे मला भाग पडले.

१४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात मानवतला दहा जीव मारले गेले. लहान मुली, चार बायका आणि एक तान्हे मूल. गुप्तधन आणि संततीसाठी नरबळी दिले गेले, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांना पाठविण्यात आले. १९६८ साली मुंबईतील रामन राघवचा छडा लावणारे अधिकारी ते हेच. पुढे त्यांनी आठवणींचे पुस्तक लिहिले आणि मालिका त्या पुस्तकावर उभी आहे. तेव्हा पडद्यावर जे दिसते ते तपास अधिकाऱ्याच्या खुर्चीतून दिसते, आशुतोष गोवारीकरांच्या डोळ्यांनी दिसते. यात गैर काही नाही. पण ती एक खुर्ची आहे. न्यायाधीशाची वेगळी असते.

खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ साली निकाल लागला. काहींवरचा दोष शाबीत राहिला. मात्र ज्यांच्या सांगण्यावरून हे सारे घडले असा आरोप होता, ते पुराव्याअभावी सुटले. कारण काय? पुराव्याचा मोठा भाग माफीच्या साक्षीदाराचा होता. जो स्वतः गुन्ह्यात सामील होता आणि माफी मिळाल्यावर इतरांची नावे घेतो, त्याच्या एकट्याच्या शब्दावर भरवसा ठेवू नये; आरोपीला गुन्ह्याशी जोडणारा दुसरा स्वतंत्र आधार हवा, असा दंडक १८७२ च्या पुरावा कायद्यापासून चालत आलेला आहे. मानवतच्या निकालाचा दाखला या मुद्द्यावर वकील आजही देतात.

हा दंडक मी पुस्तकातून शिकलो नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात साखरेची पोती गेली. पकडलेल्या एकाने नोकरी वाचविण्यासाठी तिघांची नावे घेतली. खातेचौकशीत मी त्या तिघांच्या बाजूने बसलो आणि एकच प्रश्न विचारला: याच्या शब्दाशिवाय दुसरे काय आहे? काहीच नव्हते. तिघे कामावर परत आले. त्या वेळी मला खांद्यावर घेणारे कामगारच आज हॉटेलात म्हणतात की, कोर्टाने सोडले कसे! आणि खरे सांगतो, मालिका पाहताना तिसऱ्या भागापर्यंत मीसुद्धा मनातल्या मनात शिक्षा सुनावून बसलो होतो. पडद्यावर सूत्रधाराचा चेहरा जवळून दिसतो, मागे वाद्ये वाजतात. तेवढा पुरावा प्रेक्षकाला पुरतो.

ही सवय जुनी आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडच्या गोष्टी आपल्या वडीलधाऱ्यांनी कंदिलाच्या उजेडात वाचल्या. शेवटी गुन्हेगार सापडलाच पाहिजे, हा त्या गोष्टींचा करार. मानवतच्याच प्रकरणावर १९८१ साली अमोल पालेकरांनी विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरून ‘आक्रीत’ काढला. त्याचा रोख गुन्हेगार हुडकण्यावर नसून सत्ता, लोभ आणि भय एका गावात कसे मिसळतात यावर होता. तो पाहिलेला माणूस मला या भागात क्वचितच भेटला. नवी मालिका मात्र ऊसतोडीच्या खोपीतही पोहोचली आहे.

तिथे एक दुसरे मतही ऐकले, ते मला अधिक लागले. “पारध्यांचीच कामे ही.” आरोपींत काही पारधी होते, काही नव्हते. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. तो शिक्का कायद्याने पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. चोरी झाली की प्रथम पारध्याच्या पालावर जाण्याची रीत काही गेली नाही. मालिकेने हे मत निर्माण केले असे मी म्हणणार नाही. पण मत आधीच तयार असलेल्या प्रेक्षकाला ती साक्षीदार मिळवून देते.

त्या वर्षी दुष्काळ होता, हे तरुण प्रेक्षकांच्या बोलण्यात येतच नाही. १९७२ चा तो दुष्काळ. मी तेव्हा लहान होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडीत असे. मानवतची बातमी त्या कामांवर पोहोचली, तशा बायका पोरींना एकटे पाण्याला धाडीनाशा झाल्या, असे ती सांगते. मी तिला मोबाइलवर दोन भाग दाखविले. नट ओळखू आले नाहीत, पोलिसांत तिला रस वाटला नाही. तिने विचारले, “ह्या पोरींच्या मायांचं पुढं काय झालं रं?” मला सांगता आले नाही. तिसरा भाग तिने पाहिला नाही.