मिस फरार, मार्गरू आणि मुक्ता

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास आपल्याकडे दोन तऱ्हांनी सांगितला जातो. एक तऱ्हा १८४८ पासून सुरू होते. तीत जोतीराव-सावित्रीबाईंच्या आधी सगळा अंधारच असतो. दुसरी तऱ्हा फुल्यांच्या कार्याचे सारे श्रेय मिशनऱ्यांच्या पदरात टाकते आणि जोतीरावांना त्यांचे हस्तक ठरवून मोकळी होते. पहिली तऱ्हा भक्तीची आहे, दुसरी द्वेषाची. पहिली सांगणारी माणसे आपली आहेत म्हणून ती चालवून घ्यावी, असे मला वाटत नाही. जोतीरावांनी स्वतः जे लपवले नाही, ते आपण का लपवावे?

जोतीरावांनी आपली प्रेरणा कुठे मिळाली ते सांगून ठेवले आहे. १८५३ च्या सप्टेंबरात ‘ज्ञानोदया’त त्यांचे निवेदन आले. त्यात अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमधील मिस फरारबाईंच्या मुलींच्या शाळेचा उल्लेख आहे. ती शाळा पाहून त्यांना समाधान वाटले आणि पुण्याला परतल्यावर त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या शिक्षिकेच्या तयारीशीही चरित्रकार याच बाईंचे नाव जोडतात. असे असूनही आपल्या कार्यकर्त्यांपैकी फार थोड्यांना ही बाई कोण, कुठली, ते ठाऊक असते.

सिंथिया फरार हिचा जन्म १७९५ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर संस्थानातल्या मार्लबरो गावी झाला. अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची शाळा १८२४ मध्येच सुरू केली होती. परंतु ती बघायला मिशनऱ्यांच्या बायका पुऱ्या पडेनात. घर, मुलेबाळे, आजारपण, अकाली मरण यांतच त्यांचे आयुष्य सरे. म्हणून शाळांवर देखरेखीसाठी एक अविवाहित शिक्षिका पाठवा, अशी मागणी मुंबईहून गेली. १८२७ च्या जूनमध्ये मिस फरार निघाल्या आणि वर्ष संपता संपता मुंबईला उतरल्या. वय बत्तीस. १८३७ साली प्रकृती ढासळल्याने मायदेशी गेल्या. १८३९ मध्ये परत आल्या त्या नगरला. तेथेच मुलींच्या शाळा चालवीत १८६२ च्या जानेवारीत त्यांनी देह ठेवला. आजच्या अहिल्यानगरच्या मातीत या बाईची दोन तपांची मेहनत जिरली आहे.

चौतीस वर्षांच्या या कामाला मिशनच्या दप्तरी दर्जा काय? ‘सहायक मिशनरी’. बाई कितीही शिकवो, शाळा कितीही उभारो, पूर्ण मिशनरी हा पुरुषच. मुलींना माणूस म्हणून उभे करण्यासाठी जी संस्था सातासमुद्रापार माणसे धाडत होती, तिच्या स्वतःच्या घरात बाई दुय्यमच होती.

फरारबाईंबद्दल लिहिताना ‘परदेशी धाडलेली पहिली अविवाहित अमेरिकन मिशनरी स्त्री’ असे लिहिण्याची पद्धत पडून गेली आहे. हा ‘पहिली’ शब्द आपण जरा थांबून तपासला पाहिजे, कारण अशा शब्दांनीच माणसे इतिहासातून गाळली जातात. फरारबाईंच्या साडेचार वर्षे आधी, १८२२ च्या नोव्हेंबरात, त्याच मंडळाच्या तांड्याबरोबर एक अविवाहित स्त्री हवाई बेटांकडे निघाली होती. तिचे नाव बेट्सी स्टॉकटन. ती काळी होती, प्रिन्स्टन गावी गुलामीत जन्मली होती आणि पुढे मुक्त झाली होती. तिला पाठवताना करार झाला. त्यात तिने एका मिशनरी कुटुंबाचे घरकामही पाहावे आणि शिकवावेही असे होते. ती नोकर नाही, असे लिहिले. बरोबरीची आहे, असे मात्र लिहिले नाही. हवाईमध्ये मिशनऱ्यांचे लक्ष राजघराण्याकडे, सरदारांकडे होते. बेट्सीने लाहैना येथे शाळा काढली ती सामान्य रयतेसाठी. पुढे अमेरिकेत परतल्यावरही १८६५ मध्ये मरेपर्यंत ती काळ्या मुलांना शिकवत राहिली.

वरच्यांना शिकवा, विद्या आपोआप खाली झिरपेल, हा सिद्धांत आपल्याकडेही इंग्रज सरकारने राबवला. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी त्याच्यावर कोरडे ओढले. बेट्सीला कोणताही आयोग विचारायला आला नाही. ती गुलामाच्या पोटी जन्मली होती, म्हणून विद्या झिरपत नाही हे तिला ठाऊक होते.

आता मंडळाचीच गोष्ट. ज्या अमेरिकन मंडळाने फरारबाईंना पाठवले, त्याने गुलामगिरीचा सरळ धिक्कार करायला बरीच टाळाटाळ केली. गुलाम बाळगणाऱ्यांच्या देणग्याही त्याला चालत. याचा संताप येऊन गुलामगिरीविरोधकांनी १८४६ साली ‘अमेरिकन मिशनरी असोसिएशन’ ही वेगळी संस्था काढली. तिचे काम आफ्रिकेत, सिएरा लिओनजवळच्या मेंडी मुलखात चालले. तेथील शिक्षिकांपैकी एकीचे नाव होते मार्गरू.

मार्गरूची हकीकत आपल्या माणसांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. मेंडी मुलखातल्या या लहान मुलीला बापाने कर्जापोटी गहाण टाकले. कर्ज फिटले नाही आणि ती गुलाम म्हणून विकली गेली. १८३९ साली क्युबाच्या किनाऱ्यालगत ‘आमिस्ताद’ जहाजावर बंदी आफ्रिकनांनी बंड केले, तेव्हा त्या जहाजावर मार्गरूही होती. जहाज अमेरिकेच्या हाती लागले, खटला चालला आणि १८४१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्वतंत्र ठरवले. १८४२ मध्ये उरलेली माणसे सिएरा लिओनला पोहोचली. मार्गरू पुन्हा अमेरिकेत येऊन १८४६ ते १८४९ ओबर्लिनला शिकली आणि परत जाऊन मेंडी मिशनमध्ये मुलींना शिकवू लागली. सेरा किन्सन हे तिचे मिशनने दिलेले नाव. मिशनने माणसाला शाळा दिली, पण त्याआधी त्याचे नाव काढून घेतले, हेही येथे नोंदवले पाहिजे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना मी जेव्हा मार्गरूची गोष्ट सांगतो, तेव्हा ‘गहाण’ या शब्दाचा अर्थ मला सांगावा लागत नाही. सावकाराच्या वहीत बापाचा अंगठा आणि सालगड्याच्या घरात पोराचे बालपण, हे त्यांच्या आजोबांनी पाहिले आहे. माझ्या घरात मी पहिला पदवीधर. माझ्या आईला सही येत नाही. म्हणून शाळा म्हणजे काय हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही.

नगरच्या मिशनने महारांची मुले शिकवली, हे खरे. त्या मिशनमध्ये ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य महारच होते. पण मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हेही तितकेच खरे. वाचायला शिकवायचे ते बायबल वाचता यावे म्हणून. बाबासाहेबांनी मिशनऱ्यांच्या कामाचा हिशेब मांडताना दोन गोष्टी दाखवून दिल्या. शिक्षणावरच्या पैशाचा मोठा लाभ ख्रिस्ती न होणाऱ्या उच्चवर्णीयांनी घेतला. आणि ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याची जात चर्चच्या दारातून आतही आली. पुढे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्याच्या सवलती काढून घेतल्या. म्हणजे जात गेली नाही, फक्त हक्क गेला.

मग या बाईचे ऋण मानायचे की नाही? मानायचे. पण ऋण कशाचे, ते नेमके सांगून. फरारबाईंनी एक गोष्ट डोळ्यांना दाखवली : मुलगी वाचू शकते. त्या शाळेने मुलीपुढे धर्म ठेवला होता. जोतीरावांनी पाहिले आणि त्यातून वेगळेच काही घडवले. त्यांच्या शाळेत मुलीला प्रश्न विचारण्याची मोकळीक होती. हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत आपण काही वर्षे शिकवल्याचे नमूद केले आहे. मिशनशी असा जवळचा संबंध असूनही ते ख्रिस्ती झाले नाहीत. आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना. कोणत्या अमेरिकेशी नाते जोडायचे, हे त्यांना अचूक कळले होते.

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे मुक्ता. जोतीरावांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेल्या या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध १८५५ मध्ये छापून आला, तोही मिशनच्या ‘ज्ञानोदया’तच. तिने महार-मांगांवरचे जुलूम लिहिले, बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसल्याचे लिहिले आणि आमचा धर्म तरी कोणता, असे थेट देवालाच विचारले. कागद मिशनचा होता, प्रश्न मुक्ताचा. मिशनच्या शाळेत ठरलेले उत्तर पाठ करून घेतले जाई. हा प्रश्न तेथे पाठ करून घेतला गेला नसता. बेट्सी, मार्गरू आणि मुक्ता या तिघी एकमेकींना ओळखत नव्हत्या. पण विद्या दुसऱ्याच्या हातातून आपल्या हातात घेतल्यावर तिचे काय होते, ते तिघींनी दाखवले.

आमच्या यवतमाळातही मिशनचा मोठा इतिहास आहे. १९५३ पासून १९८३ पर्यंत, पुण्याला हलेपर्यंत, युनियन बिब्लिकल सेमिनरी येथेच होती. मिशनच्या आवारात काम केलेल्या, तेथे पहिले अक्षर गिरवलेल्या, दवाखान्यात सुइणीचे काम शिकलेल्या आपल्या बायकांची नावे मात्र कुठल्या ग्रंथात नाहीत. गोऱ्या बाईचे नाव अहवालात सापडते. तिच्या मागे पाटीपेन्सिल घेऊन फिरणाऱ्या महारणीचे सापडत नाही. त्या बायकांच्या लेकी-सुना अजून हयात आहेत. शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्यांच्या ओसरीवर बसावे, त्या सांगतील ते जसेच्या तसे उतरवावे आणि खाली त्यांचे नाव लिहावे : आईबापाने ठेवलेले, पूर्ण.