सहा मिलिमीटरचा जोड

वेल्डिंगचा जोड वरून कितीही सुबक दिसला, तरी त्याच्या पोटात काय दडले आहे ते डोळ्यांना कळत नाही. म्हणूनच जोड न तोडता तपासण्याचे शास्त्र विकसित झाले. त्यातला एक धडा उत्तर समुद्राने फार महागात शिकवला.

नॉर्वेच्या एकोफिस्क तेलक्षेत्रात 'अलेक्झांडर कीलँड' हा पाच पायांचा तरंगता प्लॅटफॉर्म होता. फ्रान्समध्ये बांधलेल्या या प्लॅटफॉर्मवर तेल कामगारांची राहण्याची सोय होती. २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी वादळात पायांना जोडणारी एक जाड पोलादी नळी तुटली. उरलेल्या नळ्यांना भार पेलवला नाही, एक पाय निखळला आणि सुमारे वीस मिनिटांत सारा डोलारा उलटला. २१२ पैकी १२३ जणांना जलसमाधी मिळाली.

चौकशीत मूळ सापडले ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या जागी. त्या नळीला ध्वनियंत्र बसवण्यासाठी एक आधार जोडला होता. त्याचे वेल्डिंग अवघे सहा मिलिमीटरचे! तो भाग दुय्यम समजला गेल्याने जोडाकडे पुरेसे लक्ष दिले गेले नव्हते. तुटलेल्या भेगेच्या आत रंगाचे अंश मिळाले. म्हणजे रंगकाम झाले तेव्हाच भेग तेथे होती.

मग अशी भेग शोधायची कशी? पूर्वी रेल्वेच्या कारखान्यांत तेल आणि खडूची पूड वापरत. आज लाल द्राव लावून पुसतात व वर पांढरा थर फवारतात. भेगेत मुरलेला रंग रेघ होऊन उमटतो. पोलाद चुंबकित करून लोहकण टाकले, तर ते भेगेवर गोळा होतात. कोपऱ्यातल्या जोडांसाठी या दोन परीक्षाच मुख्यतः वापरतात. आतल्या पोकळ्या आणि अडकलेली मळी क्ष-किरण किंवा इरिडियमच्या गॅमा किरणांच्या फिल्मवर दिसते. बारीक, चपट्या भेगा मात्र फिल्मवरून निसटू शकतात. त्या अल्ट्रासॉनिक लहरींच्या प्रतिध्वनीवरून अधिक खात्रीने कळतात.

आपल्या आखातातल्या मराठी घरांना हे काम परके नाही. किरणांपासून इतरांना धोका नको म्हणून फिल्म बहुधा साइट रिकामी झाल्यावर, रात्री काढतात. घरातला माणूस पहाटे जागरण करून परततो, तेव्हा त्या रात्री त्याने कुणाच्या तरी जिवाची राखण केलेली असते.