स्टँड बाय म्हणजे काय, ते महाडला विचारा

बारावीची पोरं फ्रेजल व्हर्ब्जच्या याद्या पाठ करतात. मैत्रीची यादी ठरलेलीच: स्टँड बाय म्हणजे पाठीशी उभं राहणं, बॅक आउट म्हणजे ऐनवेळी अंग काढून घेणं. पोरं म्हणतात, सर, सुटे शब्द कळतात, जोडले की अर्थच बदलतो. बरोबर आहे. पण हे अर्थ समजायला आपल्या गावचा इतिहास पुरेसा आहे.

मुळात महाडात इंग्रजी शिकायला मिळणं हीच एकेकाळी लढाई होती. रामचंद्र बाबाजी मोरे या हुशार मुलाला इथल्या इंग्रजी शाळेनं अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला. पोरानं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, तेव्हा कुठे दार उघडलं. १९२७ ची महाड परिषद भरवण्यात पुढे हेच मोरे आघाडीवर होते.

आता स्टँड बाय. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले. मग गावात परिषदेच्या लोकांना मारहाण झाली. तरीही सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे हे सवर्ण सहकारी बाजूला झाले नाहीत. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याचा ठराव सहस्रबुद्ध्यांनीच मांडला.

आणि बॅक आउट? नगरपालिकेनं १९२४ मध्ये तळं सर्वांना खुलं केलं होतं. ४ ऑगस्ट १९२७ ला तोच ठराव मागे घेतला!

डिसेंबरच्या परिषदेला मांडवासाठी जागा मिळेना. तेव्हा फत्तेखान यांनी स्वतःची जागा दिली. इंग्रजीत याला कम थ्रू म्हणतात, म्हणजे गरजेला उपयोगी पडणं.

एक गंमत बघा. 'सी थ्रू हिम' म्हणजे त्याचं ढोंग ओळखणं, आणि 'सी हिम थ्रू' म्हणजे त्याला संकटातून पार नेणं. शब्द तेच, जागा बदलली की मित्राचं नातंच बदलतं. तळ्याचा खटला १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात जिंकला गेला. दहा वर्षं! पार नेणं म्हणतात ते हे.

आपल्या भाषेतही असा एक जोडशब्द आहे: वाळीत टाकणं. रायगडातल्या गावकीच्या अशा बातम्या मी स्वतः लिहिल्यात. २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला. पण कायदा तक्रार झाल्यावर येतो. बहिष्कृत घरात चहा प्यायला जाणारा पहिला माणूस शेजारीच असावा लागतो.

२० मार्चला आपण सगळे तळ्यावर फोटो काढतो, काढावेतच. पण महाड-पोलादपूरच्या कुठल्या वाडीत कुणाचं पाणी, दुकान, लग्नकार्य बंद झालं, तर आपण कुठलं क्रियापद निवडणार? पेपरात त्याला एक मार्क आहे. गावात त्यावर एखाद्याचं घर उभं राहतं किंवा मोडतं.