विद्यार्थ्यांच्या वृत्ती व त्यांचे खरे दाते : उदगीर प्रांताच्या निमित्ताने

उदगीर हे नाव उच्चारले की इतिहासभक्तांच्या मनात ३ फेब्रुवारी १७६० हा दिवस उभा राहतो. सदाशिवरावभाऊंनी निजामअली व सलाबतजंग यांस कोंडून साठ लक्षांचा मुलूख लिहून घेतला, आणि वर्ष पुरे होण्याच्या आत पानिपत झाले. त्या काळची पत्रे कै. राजवाडे यांच्या पहिल्या खंडापासून (१८९८) छापली जात आहेत, व कोणत्या मुक्कामी लष्कराला किती दाणावैरण लागली याचाही शोध आमच्यापैकी अनेकांनी आवडीने केला आहे. तो करावाच. परंतु याच प्रांतातील एखादा गरीब मुलगा चार अक्षरे शिकला तेव्हा त्याच्या शिध्याचा भार कोणी उचलला, हा प्रश्न आपल्या टिपणवह्यांत क्वचितच आढळतो. त्या प्रश्नाची साधने मात्र अगदीच दुर्मिळ नाहीत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी काहींचा विचार करण्याचे योजिले आहे.

प्रथम शब्दांचा निवाडा करू. दक्षिणा, वृत्ती आणि धर्मादाय हे तीन शब्द आपण सैलपणे एकमेकांच्या जागी वापरतो. ‘वृत्ति’ हा शब्द ‘वृत्’ धातूपासून झाला असून उपजीविका हा त्याचा व्यवहारातील अर्थ आहे. तेव्हा शिष्यवृत्ती म्हणजे शिकत असताना शिष्याचे पोट ज्यावर चालते ते साधन. हुशारीबद्दलचे बक्षीस हा अर्थ तिला अलीकडे परीक्षांमुळे चिकटला. दक्षिणा ही विधी पुरा झाल्यावर, विद्वत्ता सिद्ध झाल्यावर द्यावयाची. धर्मादाय याहून निराळा. तो व्यवहारातून, बहुधा बाजारातून, दरमालामागे काढावयाचा. हा भेद ध्यानात ठेवला असता पुढील पुरावा नीट लागतो.

राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, आणि हे लट्टलूर म्हणजे लातूर असे विद्वान मानतात. उदगीर हे त्या लातुराचे शेजारगाव, व कंधारही फारसे लांब नाही. याच घराण्यातील तिसऱ्या कृष्णाच्या अमदानीतला, शके ८६७ (इ. स. ९४५) चा, साळोटगीचा स्तंभलेख प्रसिद्ध आहे. साळोटगी विजापूर भागातील इंडीजवळ. कृष्णाचा मंत्री नारायण याने तेथे त्रयीपुरुषाच्या देवालयाबरोबर शाळा बांधविली. नाना जनपदांतून विद्यार्थी येत, त्यांच्या निवासासाठी २७ घरे होती. केवळ दिव्याच्या तेलासाठी १२ निवर्तने जमीन तोडून दिली होती. रात्री अभ्यास करावयाचा तर तेल लागते, ही गोष्ट दात्याच्या ध्यानात होती याचे आम्हां शिक्षकांस विशेष कौतुक वाटते. पण लेखाचे खरे महत्त्व पुढेच आहे. गावकऱ्यांनी आपणांवर एक पट्टी बसवून घेतली. घरात लग्न झाले तर शाळेला ५ नाणी, मुंज झाली तर अडीच, जावळ झाले तर सव्वा. अग्रहाराच्या दानपत्रात एकदाच मिळालेली जमीन असते. येथे जमिनीखेरीज गावातल्या प्रत्येक मंगलकार्याबरोबर वाढत जाणारे उत्पन्न आहे. मंत्र्याचे नाव स्तंभावर कोरले गेले. लग्नामागे पाच नाणी मोजणाऱ्या बापांची नावे कोरण्याचे कारण कोणास पडले नाही.

दुसरा लेख खानदेशातील चाळीसगावजवळच्या पाटण येथला. तो डॉ. भाऊ दाजी यांनी प्रथम उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे सिद्धांतशिरोमणी आदी ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने पाटणास मठ स्थापिला, व निकुंभवंशी सोइदेवाने शके ११२८ (इ. स. १२०७) मध्ये चंद्रग्रहणाच्या पर्वावर त्या मठाला उत्पन्न लावून दिले. लेखाचा वरचा भाग संस्कृत आहे, आणि त्यात वंशवर्णन, विद्वत्स्तुती हे सर्व यथास्थित आहे. खाली जेथे पैशाचा प्रश्न येतो तेथे भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. हे स्वाभाविकच आहे. जे कलम तेल्याने आणि मापाऱ्याने पाळावयाचे ते त्यास कळले पाहिजे.

त्या मराठी कलमांचा अर्थ सांगतो, कारण भाषेच्या अभ्यासकांनी त्यांतील रूपांचा कीस काढला असला तरी त्यांतील अर्थव्यवहाराकडे तितके लक्ष गेलेले नाही. पाटणच्या पेठेत जे केणे, म्हणजे विक्रीचा माल, उघडले जाई, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हक्क मठाला दिला. विकणाऱ्याकडून ब्राह्मणांना मिळणारा हक्क ब्राह्मणांनी दिला. नगरानेही गिऱ्हाइकाकडून यावयाचा आपला अंश सोडला. सुपाऱ्या घेणाऱ्याकडून पाच सुपाऱ्या. घाण्याच्या पहिल्या गाळपाची एक लोटी तेल, आणि पुढे जितके घाणे चालतील तितक्यांमागे एकेक पळी. शिवाय गावात जे मापले जाईल ते मठाच्या मापाने मापावे, आणि मापाईचा अर्धा वाटा मठाचा. हे शेवटचे कलम आम्हांस सर्वांत चतुर वाटते. माप ज्याच्या हाती त्याला हिशेब मागावा लागत नाही.

आता या दानाचा दाता कोण? इतिहासाची पुस्तके सोइदेव असे उत्तर देतात. सोइदेवाने आपला हक्क सोडला हे खरे, आणि ते लहान पुण्य नव्हे. परंतु पळीभर तेल गेले ते तेल्याच्या घागरीतून. पाच पोफळी गेल्या त्या गिऱ्हाइकाच्या ओटीतून. आणि ज्यांनी हे दिले त्यांचे मुलगे त्या मठात भास्कराचार्यांचे गणित शिकावयास बसत नव्हते. साळोटगीसही लग्नाच्या पट्टीतून पोसलेल्या २७ घरांचे दार सर्वांस उघडे नव्हते. देणाऱ्याचे घर एक आणि शिकणाऱ्याचे दुसरे ही रचना आपल्याकडे फार दीर्घकाळ टिकली. जुन्या दानधर्माची थोरवी गाणाऱ्या आमच्या काही मित्रांस हे म्हणणे रुचत नाही. परंतु शिळेवर जे आहे तेच आम्ही वाचतो.

पेशव्यांच्या श्रावणमासच्या दक्षिणेचा येथे थोडक्यात उल्लेख पुरे आहे. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी सुरू केलेली ही चाल डभईच्या लढाईनंतर (१७३१) पुण्यास आली व लक्षावधी रुपयांवर गेली. पण ती शब्दशः दक्षिणा होती. तयार झालेल्या शास्त्र्याला ती मिळे, शिकत्या पोराला तिच्यातून शिधा नव्हे. एल्फिन्स्टनने ती ५० हजारांवर आणली आणि तिच्यातील काही रकमेतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तेव्हा कोठे दक्षिणेची वृत्ती होऊ लागली. १८४९ मध्ये लोकहितवादी प्रभृतींनी त्या पैशातून मराठी ग्रंथांस उत्तेजन द्यावे असा अर्ज केला. पुढे दक्षिणा फेलो म्हणून रानडे व भांडारकर त्याच निधीवर शिकले, आणि जोतीराव फुल्यांच्या शाळांनाही त्यातून साहाय्य झाले. म्हणजे ज्या पैशाचा उगम ब्राह्मणांच्या दानाकरिता झाला त्याचा एक ओहोळ शंभर-सव्वाशे वर्षांनी अस्पृश्य मुलांपर्यंत व मुलींपर्यंत पोहोचला.

उदगीरचे तसे नव्हते. १७६० चा जय मिळूनही हे गाव निजामाच्याच राज्यात राहिले, आणि पुण्याचा दक्षिणा निधी येथपर्यंत येण्याचा प्रश्न नव्हता. संस्थानी अमलात उदगीर तालुका बीदर जिल्ह्यात होता. घरी मराठी, बाजारात कानडी व तेलुगू, कचेरीत उर्दू अशी येथील मुलाची स्थिती. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता हे मान्य केले पाहिजे, पण ती देशी भाषा उदगीरच्या शेतकऱ्याच्या मुलाची नव्हती. खासगी शाळा काढावयाची तर सरकारची पूर्वपरवानगी लागे. तशाही स्थितीत औरंगाबादेस सरस्वती भुवन (१९१५) उभे राहिले, हिप्परग्यास १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली, व पुढे स्वामी रामानंद तीर्थांनी तेथे अध्यापन केले. या शाळा वर्गणीवर जगल्या. उदगीरचे वकील व आर्यसमाजी पुढारी श्यामलाल यांस १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात मृत्यू आला. त्यांच्या नावाची शाळा उदगिरात आहे.

शाळा वर्गणीवर चाले, पण विद्यार्थी जेवत कोठे? बाहेरगावचा मुलगा सात घरी सात वार लावी, किंवा झोळी घेऊन माधुकरी मागे. या पद्धतीने महाराष्ट्रात पुष्कळ विद्वान झाले, आणि ज्या गृहिणींनी आठवड्यातून एक पान अधिक वाढले त्यांचे ऋण शब्दांनी फिटणारे नाही. तथापि वार त्यालाच मिळे ज्याला त्या घराचे स्वयंपाकघर जातीने मोकळे होते. मांग, महार, लमाण यांच्या मुलाने वार कोठे लावावा? आणि मुलीने?

या प्रांतातील दुसरे साधन धर्मादाय. उदगीरसारख्या आडत पेठांत शेतकऱ्याचा माल विकला गेला की त्याच्या पट्टीत आडत, हमाली, तोलाई यांच्या ओळीखाली धर्मादायाची एक ओळ असे. पोत्यामागे किंवा शेकड्यामागे निघणारी ती किरकोळ रक्कम वर्षअखेर मोठी होई, आणि तिचा विनियोग व्यापारी मंडळी देऊळ, गोशाळा, पाणपोई व पाठशाळा यांवर करीत. ज्याने पाटणचा लेख वाचला आहे त्यास ही ओळ पाहताच सातशे वर्षांपूर्वीचे केणे आठवल्यावाचून राहणार नाही. रीत तीच, आणि तीतील विसंगतीही तीच. शाळेच्या भिंतीवरील फरशीत नाव लागले ते आडत्याचे, पैसा गेला तो तुरी-ज्वारीच्या पोत्यातून. सर्वच आडत्यांनी यात गैर केले असे आम्ही म्हणत नाही. अनेकांनी पदरची भर घातली. पुढे बाजारविषयक कायद्यांनी, प्रथम हैदराबाद संस्थानच्या १३३९ फसली (इ. स. १९३०) च्या आणि नंतर महाराष्ट्राच्या १९६३ च्या, ठरलेल्याखेरीज अन्य कपातीला आळा घातला. ते शेतकऱ्याच्या हिताचेच झाले.

ही जुनी रचना मोडली ती जेव्हा देणाऱ्याचेच मूल वृत्तीवर शिकू लागले तेव्हा. शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे काढविली. ज्याच्या वाराला घर नाही त्याच्यासाठी घरच बांधले. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि मुष्टिफंडाची योजना चालविली. घरच्या बाईने दळताना मूठभर धान्य बाजूस काढावे, आणि ते बोर्डिंगातल्या मुलांच्या भाकरीस जावे. ती मूठ काढणारीचा मुलगा त्याच बोर्डिंगात असू शके. पाटणच्या तेल्याला हे सुख नव्हते. तिसरे उदाहरण मराठवाड्याच्या अगदी निकट आहे. भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. तिची मुदत तीन वर्षांची. त्यांनीच स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेस महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद नावाने प्रसिद्ध झाले. आणि ज्या मराठवाड्यात दलित मुलाला वार लावावयास घर नव्हते तेथील मुले वसतिगृहात राहून पदवीधर झाली. एका वृत्तीचे असे फळ आमच्या तरी पाहण्यात दुसरे नाही.

१९५६ मध्ये उदगीर बीदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आले, १९८२ मध्ये लातुरात. मुंबई राज्याने १९५९ मध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांस फी माफ केली, ती येथेही लागू झाली. १९६२ मध्ये उदगिरात महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालय निघाले, व शिकण्यासाठी गाव सोडण्याची अनेकांची सक्ती संपली. खेड्यातून व तांड्यावरून उदगिरास येणाऱ्याची मात्र संपली नाही. त्याची फी माफ होते, खोलीचे भाडे व खानावळ माफ होत नाही. ही अडचण २०१६–१७ पासूनच्या स्वाधार योजनेने अनुसूचित जातींच्या मुलांपुरती ओळखली. शासकीय वसतिगृहात ज्यांस जागा मिळाली नाही त्यांच्या खात्यात जेवण व निवासाची रक्कम भरावयाची, हे तिचे स्वरूप. साळोटगीच्या २७ घरांमागील विचार हाच होता. रक्कम वेळेवर पोहोचत नाही तेव्हा विद्यार्थी काय करतो हे खानावळवाल्याच्या उधारीच्या वहीत लिहिलेले असते.

वर्गणीचा एक मोठा प्रसंग या जिल्ह्याने अलीकडेच पाहिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुले पुण्यास नेली व त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची सोय वाघोलीस केली. घर पडलेल्या मुलाला शिकविणे म्हणजे आधी त्याला छप्पर देणे, हे त्या वेळी कोणास समजावून द्यावे लागले नाही.

आता संग्राहक बंधूंस एक विनंती. आपण सनदा, फर्माने, पोथ्या जपता. परंतु जुन्या शाळांची पावतीपुस्तके, वसतिगृहांच्या शिध्याच्या रोजकीर्दी, मुष्टिफंडाच्या वह्या आणि धर्मादायाची ओळ असलेल्या आडतीच्या पट्ट्या रद्दीत जात आहेत. आडत दुकानांच्या वाटण्या होतात, वाडे पडतात, आणि त्यांबरोबर हे दप्तर वजनावर विकले जाते. उर्दू व मोडी अशा दोन्ही लिप्यांतले कागद एकाच गाठोड्यात सापडले तर ते वेगळे करू नयेत, कारण पावती एका लिपीत व तिचा जमाखर्च दुसऱ्या लिपीत असणे संस्थानी मुलखात संभवते. उदगीर, अहमदपूर, कंधार, देगलूर, निलंगा या तालुक्यांतील असे कागद ज्यांच्या संग्रही असतील त्यांनी वर्ष, पेठ, रक्कम व ती ज्या शाळेस गेली तिचे नाव एवढा तपशील उतरवून मंडळाकडे पाठवावा. पट्टीवर शेतकऱ्याचे नाव वाचता येत असेल तर तेही अवश्य लिहावे.